मिथक, पुराणकथा, दंतकथा, आख्यायिका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पारंपरिक कथांसाठी मराठीत शब्दांची ददात नाही. पुराणकथा, दैवतकथा, मिथक, आख्यायिका, दंतकथा, किंवदंती, लोककथा, परीकथा, बोधकथा, कहाणी, आख्यान, भाकडकथा अशी यादी सहज वाढत जाते. यातले निम्मे शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो आणि उरलेले ऐकताच दुखावतो. ‘मिथक’ म्हटलं की कुणाला ते ‘खोटं’ असं ऐकू येतं, ‘इतिहास’ म्हटलं की कुणाला पुराव्याचा दावा ऐकू येतो. हे शब्द कुठून आले आणि जाणकार ते कोणत्या अर्थाने वापरतात, हे कळलं की निदान वाद योग्य जागी तरी होतो.

मिथक म्हणजे नेमकं काय?

एखादा समाज जी कथा खरी आणि पवित्र मानतो, जी जगाच्या आरंभीच्या काळात घडलेली असते आणि जिच्यामुळे आजचं जग असं का आहे हे कळतं, ती कथा म्हणजे मिथक. पात्रं बहुधा देव, आद्य पूर्वज किंवा माणसासारखे बोलणारे प्राणी असतात. सर्वांत महत्त्वाची खूण अशी की कथेत जे घडतं त्याचा परिणाम कथेबाहेरही टिकून राहतो.

न्यूझीलंडच्या माओरी लोकांची एक कथा घ्या. आकाश म्हणजे पिता रांगी आणि धरती म्हणजे माता पापा एकमेकांना घट्ट मिठी मारून होते. त्यांची मुलं मधल्या अंधारात कोंडलेली. शेवटी ताने या मुलाने पाठीवर पडून, पाय वर रेटून आई-बापांना वेगळं केलं आणि उजेड आत आला. पाऊस म्हणजे रांगीचे अश्रू, धुकं म्हणजे पापाचे उसासे. कथा संपली तरी आकाश वरच आहे आणि पाऊस पडतोच आहे. ताने हा फक्त एका कथेतला नायक असता तर आपण ती गोष्ट ऐकून विसरलो असतो. इथे मात्र ऐकणारा रोज त्याच कथेच्या छपराखाली वावरतो.

म्हणजे मिथक ही खोटी गोष्ट नव्हे? वर्तमानपत्रांत तर ‘मिथक आणि तथ्य’ अशी सदरं असतात.

शब्द एकच, अर्थ दोन. एक अर्थ लोकसाहित्याच्या, धर्माच्या आणि मानववंशशास्त्राच्या अभ्यासातला, तो वर दिला आहे. दुसरा बोलण्यातला: पुष्कळ लोकांनी धरून ठेवलेला चुकीचा समज. हा दुसरा अर्थ आपल्याकडे इंग्रजीतून आला आहे.

याची मुळं मात्र बरीच जुनी आहेत. प्राचीन ग्रीक कवी होमरच्या काव्यात ‘मुथोस’ म्हणजे बोल, तेही बहुतेकदा अधिकाराने, सभेत, चारचौघांसमोर काढलेला बोल. त्यात खोटेपणाचा वासही नाही. पुढे विचारवंतांना कवींच्या देवकथा खुपू लागल्या. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात जन्मलेला ग्रीक विचारवंत झेनोफनीस म्हणाला की बैलांना आणि घोड्यांना हात असते तर त्यांनी देवांची चित्रं बैलांसारखी आणि घोड्यांसारखी काढली असती. प्लेटोने आपल्या आदर्श नगरीच्या चर्चेत आणखी कडक भूमिका घेतली: क्रोनस या देवाने बापाशी जे क्रूर वर्तन केलं ती कथा जरी खरी असली तरी कोवळ्या मुलांच्या कानावर पडू नये. ‘मुथोस’ एका बाजूला आणि कारणं देऊन मांडलेला ‘लोगोस’ दुसऱ्या बाजूला, अशी फाळणी तेव्हापासून रुजत गेली.

पण तोच प्लेटो, युक्तिवाद जिथे पोचत नाही तिथे, स्वतः कथा सांगतो. मृत्यूनंतर परत आलेल्या एरची कथा त्याने ‘रिपब्लिक’च्या शेवटी ठेवली आहे. अ‍ॅटलांटिसही त्याच्याच लेखनातून जगाला कळलं. ॲरिस्टॉटलने तर नाटकावर लिहिताना ‘मुथोस’ हा शब्द साध्या कथानकासाठी वापरला. म्हणजे ग्रीकांच्या घरातही या शब्दाचा अर्थ एका जागी बसलेला नव्हता.

माझं म्हणणं एवढंच की ‘लसीबद्दलची मिथके’ लिहिण्याऐवजी ‘लसीबद्दलचे गैरसमज’ लिहावं. ‘गैरसमज’ हा शब्द नेमका आहे, सर्वांना कळतो, आणि तो वापरल्याने हजारो वर्षं माणसांनी जपलेल्या कथांवर खोटेपणाचा शिक्का बसत नाही.

‘मिथक’ हा शब्द ‘मिथ्या’वरून आला आहे का?

नाही. ‘मिथक’ हा ग्रीक ‘मुथोस’वरून युरोपीय भाषांत गेलेल्या ‘मिथ’ला आपल्याकडचा ‘क’ प्रत्यय लावून घडवलेला शब्द. तो हिंदीत रूढ झाला, त्याचं श्रेय हजारीप्रसाद द्विवेदी यांना दिलं जातं, आणि तिथून तो मराठी समीक्षेत आला. संस्कृत ‘मिथ्या’शी त्याचं साम्य निव्वळ आवाजाचं आहे.

दुर्दैवाने हे साम्य महागात पडलं. काही मराठी लेखनात ‘मिथ्यकथा’ असाही प्रतिशब्द दिसतो. नादाला नाद जुळला, पण त्याबरोबर अभ्यासकाला अभिप्रेत नसलेला निकालही शब्दात शिरला. हा प्रतिशब्द टाळावा असं मला ठामपणे वाटतं.

पुराणकथा आणि मिथक यांत फरक काय?

रोजच्या मराठीत फरक करत नाहीत, आणि ‘ग्रीक पुराणकथा’ हा प्रयोग सर्रास चालतो. तो चुकीचा नाही. ‘पुराण’ म्हणजे मुळात जुनं. यास्क या प्राचीन पंडिताने निरुक्त या शब्दांच्या व्युत्पत्तीवरच्या ग्रंथात त्याची फोड फार सुंदर केली आहे: ‘पुरा नवं भवति’, जे पूर्वी नवं होतं ते.

मात्र ‘पुराण’ हे ग्रंथांच्या एका प्रकाराचं नावही आहे. अमरकोश हा जुना संस्कृत शब्दकोश पुराणाला ‘पञ्चलक्षण’ म्हणतो. ती पाच लक्षणं म्हणजे सर्ग, प्रतिसर्ग, वंश, मन्वंतर आणि वंशानुचरित. सृष्टीची उत्पत्ती, प्रलयानंतरची पुनर्निर्मिती, देव-ऋषींच्या वंशावळी, मनूंची युगं आणि राजवंशांची हकीगत. अठरा महापुराणांत याखेरीज तीर्थांची माहात्म्यं, दानधर्म, मूर्तिविधान असं पुष्कळ काही आहे. तेव्हा पुराणांत आहे ते सगळं मिथक नव्हे. उलट इंद्राने वृत्राला मारून अडवलेलं पाणी मोकळं केलं ही अस्सल मिथक म्हणावी अशी कथा ऋग्वेदात आहे, म्हणजे पुराणग्रंथ रचले जाण्याच्या कितीतरी आधीची. तिला ‘पुराणकथा’ म्हणताना हा दुहेरी अर्थ ध्यानात ठेवावा.

म्हणूनच काही अभ्यासक ‘दैवतकथा’ किंवा ‘प्राक्कथा’ म्हणतात. ‘दैवतकथा’ कानाला गोड, पण सगळ्या मिथकांत दैवत असतंच असं नाही. ‘प्राक्कथा’ काटेकोर आहे, मात्र ती वर्गाबाहेर फारशी पडली नाही.

महाभारत स्वतःला ‘इतिहास’ म्हणवतं. मग त्याला मिथक म्हणणं चूक नाही का?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि सर्वांत जास्त रागाने विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर.

महाभारत स्वतःला इतिहास म्हणवतं हे खरंच आहे: ‘जयो नामेतिहासोऽयम्’. ‘इति ह आस’ म्हणजे ‘असं असं झालं म्हणे’. छांदोग्य उपनिषदात नारद आपण काय काय शिकलो ते सनत्कुमाराला सांगतो, त्यात ‘इतिहासपुराण’ हा पाचवा वेद म्हणून येतो. रामायणाची ख्याती मात्र आदिकाव्य अशी आहे. म्हणजे हे शब्द जुन्या लोकांनी विचार करून वापरले होते.

पण त्या ‘इतिहास’ शब्दात काय काय बसत होतं? शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला उपदेश करताना पुन्हा पुन्हा म्हणतात: ‘अत्राप्युदाहरन्तीममितिहासं पुरातनम्’, याविषयी हा जुना इतिहास सांगतात. आणि मग जो इतिहास येतो तो कधी राजाचा, कधी ऋषीचा, तर एकदा वडाच्या झाडाशी राहणाऱ्या मांजराचा आणि उंदराचा संवाद असतो. मांजर जाळ्यात अडकलंय, उंदराला दुसरे शत्रू टपून बसलेले दिसतात, दोघं तेवढ्यापुरता तह करतात. हाही ‘पुरातन इतिहास’च. त्या काळच्या शब्दाने परंपरेने चालत आलेली, जगायला शिकवणारी आणि म्हणून प्रमाण मानलेली कथा सांगितली जात होती.

आज ‘इतिहास’ म्हणजे कागदपत्रं, शिलालेख, नाणी, उत्खनन यांच्या आधाराने तपासता येणारं भूतकाळाचं कथन. अर्थ बदलला, अक्षरं तीच राहिली. ‘महाभारत इतिहास आहे’ हे वाक्य जुन्या अर्थाने पूर्ण बरोबर आहे. नव्या अर्थाने ते म्हणायचं असेल तर नव्या अर्थाचे पुरावे लागतील, जुन्या शब्दाचा दाखला तिथे पुरणार नाही. दोन्ही पक्षांनी आपण कोणता अर्थ धरलाय ते आधी सांगितलं तर निम्मा राग तिथेच उतरेल.

आणि महाभारत हे ‘एक मिथक’ही नव्हे. ते महाकाव्य आहे. त्याच्या पोटात मिथकं आहेत, उपाख्यानं आहेत, प्राणिकथा आहेत, वंशावळी आहेत, तत्त्वचर्चा आहे. होमरच्या महाकाव्यांचंही तसंच.

आख्यायिका कशाला म्हणायचं? आणि दंतकथा?

आख्यायिका म्हणजे ज्ञात काळातल्या, ओळखीच्या जगातल्या, बहुधा माणसांविषयीची कथा. सांगणारा ती घडलेली म्हणून सांगतो. गावाचं नाव असतं, माणसाचं नाव असतं, ‘तो बघ तो दगड’ असं बोट दाखवता येतं. मिथकात जग घडत असतं, आख्यायिकेत ते घडून झालेलं असतं.

जर्मनीत ग्रिम बंधूंनी १८१२ पासून लोकांच्या तोंडच्या गोष्टी छापायला सुरुवात केली, १८१६ मध्ये आख्यायिकांचा वेगळा संग्रह काढला आणि १८३५ मध्ये याकोब ग्रिमने दैवतकथांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तीन प्रकार, तीन पुस्तकं. परीकथा अधिक काव्यमय आणि आख्यायिका अधिक ऐतिहासिक, हे त्यांचं निरीक्षण आजही अभ्यासक उद्धृत करतात.

पण असा भेद त्याच्या शेकडो वर्षं आधी संस्कृतात झाला होता, आणि त्यावर वादही झाला होता. अमरकोश म्हणतो: ‘आख्यायिकोपलब्धार्था’, जिचा विषय ठाऊक असलेला, अनुभवाला आलेला असतो ती आख्यायिका, आणि ‘प्रबन्धकल्पना कथा’, जी कल्पनेने रचलेली ती कथा. बाणभट्टाने दोन्ही लिहिल्या. आपल्या आश्रयदात्या राजावरचं ‘हर्षचरित’ ही आख्यायिका आणि ‘कादंबरी’ ही कथा. (त्या एका कथेच्या नावावरून मराठीने एका अख्ख्या साहित्यप्रकाराला नाव दिलं, हे आठवलं की मला दर वेळी आनंद होतो.) भामह या संस्कृत काव्यशास्त्रकाराने दोहोंचे नियम वेगळे सांगितले. दंडी या दुसऱ्या काव्यशास्त्रकाराला तो भेद पटला नाही. त्याने ‘तत्कथाख्यायिकेत्येका जातिः संज्ञाद्वयाङ्किता’ असं म्हणून विषय मिटवला: जात एकच, नावं दोन. गोष्टींचे कप्पे पाडावेत की नाहीत, हा आजच्या अभ्यासकांचा वाद किती जुना आहे ते यावरून दिसतं.

संस्कृतातली आख्यायिका हा लिखित गद्याचा प्रकार, तर मराठीत हा शब्द तोंडी परंपरेकडे सरकला. तिच्या शेजारी ‘दंतकथा’ बसते. दातांतून, म्हणजे तोंडातून तोंडी गेलेली. ‘आख्यायिका’ म्हणताना थोडा आदर असतो. ‘दंतकथा’ म्हणताना सांगणाऱ्याने हात जरा आखडता घेतलेला असतो: लोक सांगतात, मी हमी देत नाही. ‘किंवदंती’त हा सावधपणा शब्दातच आहे. ‘किं वदन्ति’, काय म्हणतात बरं लोक? आणि ‘वदंता’ म्हणजे तर निव्वळ कानावर आलेली बातमी, तिला अजून कथेचा आकारही आलेला नसतो.

युरोपात या शब्दाचा प्रवास नेमका उलट्या दिशेने झाला. ‘लेजंड’ हा लॅटिन ‘लेगेंडा’वरून आला. त्याचा अर्थ ‘वाचायचं ते’. मध्ययुगात संतांची चरित्रं वाचून दाखवत, त्यांना हे नाव होतं. पुढे धर्मसुधारणेच्या काळात संतांच्या चमत्कारांवर अविश्वास वाढला आणि शब्दाला संशय चिकटला. आपल्याकडे तोंडातून आलेली, त्यांच्याकडे पोथीतून आलेली, आणि दोघी येऊन पोचल्या एकाच जागी.

हयात माणसाला ‘दंतकथा’ म्हणतात ते बरोबर आहे का?

‘तो खेळाडू दंतकथा बनला’ हे इंग्रजी वळण आहे. मराठीत माणूस दंतकथा होत नाही, त्याच्याबद्दल दंतकथा सांगतात. ‘त्याच्याविषयी आख्यायिका सांगितल्या जातात’ हे साधं वाक्य पुरेसं आहे.

लोककथा, परीकथा, कहाणी आणि गोष्ट यांचं काय?

‘लोककथा’ हा शब्द दोन मापांत वापरतात. मोठ्या मापात लोकांच्या तोंडी असलेली कोणतीही कथा, मिथक आणि आख्यायिकाही धरून. छोट्या मापात फक्त ती कथा जी सांगणारा आणि ऐकणारा दोघंही कल्पित मानतात. ‘फोकलोर’ हा इंग्रजी शब्द १८४६ मध्ये विल्यम थॉम्सने घडवला आणि आपलं ‘लोकसाहित्य’ त्याच्याच जोडीने अभ्यासात रुळलं.

छोट्या मापातली लोककथा ओळखायची सोपी खूण म्हणजे तिचा उंबरठा. ‘एक आटपाट नगर होतं’ हे शब्द कानावर पडताच मराठी मूल नकाशा बाजूला ठेवतं. ते नगर कुठे, राजा कोणत्या शतकातला, हे कुणी विचारत नाही. शेवटी ‘ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ म्हटलं की आपण परत आपल्या जगात. आख्यायिकेला असा उंबरठा नसतो. ती नेहमीच्या बोलण्यातूनच सुरू होते, कारण तिला आपल्याच जगात राहायचं असतं. अर्थात व्रताची कहाणी आटपाट नगरात घडूनही ऐकणाऱ्याला पवित्र असते. कप्पे इथेच गळायला लागतात.

परीकथेत परी असायलाच हवी असं नाही. बहुतेक परीकथांत ती नसतेच. अद्भुत घडतं आणि त्याचं कुणाला आश्चर्य वाटत नाही, हे तिचं लक्षण.

शब्दांची कुळं पाहण्यासारखी आहेत. ‘कहाणी’ ही संस्कृत ‘कथानका’ची प्राकृतातून आलेली लेक. ‘कथा’ ज्या ‘कथ्’ धातूची, तो ‘कथम्’शी जोडतात: कसं झालं ते सांगणं. आणि ‘गोष्ट’ येते ‘गोष्ठी’तून, गोष्ठी ‘गोष्ठा’तून. गोष्ठ म्हणजे गाई एकत्र येण्याची जागा, मग माणसं एकत्र येण्याची, मग त्यांचं आपसांतलं बोलणं, आणि शेवटी ते बोलणं ज्याविषयी असतं ते. म्हणून मराठीत ‘गोष्ट’ म्हणजे कथाही आणि वस्तू-बाबही. एकत्र बसल्याशिवाय गोष्ट नाही, हे या शब्दाला अजून आठवतंय.

बोधकथा, रूपककथा?

बोधकथा काहीतरी शिकवण्यासाठी सांगतात. पात्रं बहुधा प्राणी असली की प्राणिकथा किंवा नीतिकथा म्हणतात. पंचतंत्र हे ठळक उदाहरण. सहाव्या शतकात ते पहलवी भाषेत गेलं, आठव्या शतकात तिथून अरबीत, आणि मग युरोपभर. रूपककथेत प्रत्येक पात्रामागे दुसरा ठरीव अर्थ उभा असतो. मिथकाला असा एकच ठरीव अर्थ नसतो, हा दोहोंतला खरा फरक.

हे वर्गीकरण कुणी ठरवलं? ते सगळीकडे लागू पडतं का?

आज पाठ्यपुस्तकांत दिसणारी तिहेरी विभागणी, मिथक, आख्यायिका आणि लोककथा, विल्यम बॅस्कम या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये नेटकेपणाने मांडली. त्याने विचारलेले प्रश्न साधे होते. सांगणारे ही खरी मानतात की कल्पित? काळ कोणता? जग हेच की वेगळं? कथा पवित्र आहे की लौकिक? पात्रं माणसं की अन्य कुणी? लक्षात घ्या, ‘ती खरी आहे का’ हा प्रश्न या यादीत नाही. सांगणाऱ्या समाजाला ती कशी वाटते, एवढंच विचारलंय. मला या सगळ्या विषयातली ही सर्वांत मोलाची शिस्त वाटते.

त्याच्या आधी ब्रॉनिस्लाव्ह मॅलिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धाच्या काळात, आज पापुआ न्यू गिनीत असलेल्या ट्रोब्रियांड बेटांवर राहून लोकांचे स्वतःचे शब्द टिपले होते. ‘कुकवानेबू’ म्हणजे करमणुकीच्या गोष्टी. त्या पावसाळी दिवस सुरू होताना संध्याकाळी सांगत, आणि प्रत्येक गोष्टीला मालक असे. ‘लिबोग्वो’ म्हणजे घडलेल्या म्हणून सांगितलेल्या हकीगती. ‘लिलिउ’ म्हणजे पवित्र कथा, ज्यांच्यावर विधी, हक्क आणि रूढी उभ्या असतात. १९२६ मध्ये त्याने लिहिलं की मिथक ही त्या समाजाच्या व्यवस्थेची सनद असते. जमीन कुणाची, कोणतं कूळ वरचं, हे ती कथा ठरवते.

तीन कप्पे जुळले म्हणून ते सर्वत्र जुळतील असं नाही. कित्येक भाषांत खरी कथा आणि कल्पित कथा असे दोनच शब्द आहेत. शिवाय तीच कथा गाव ओलांडून गेली की कप्पा बदलते. एका ठिकाणची पवित्र कथा दुसरीकडे मुलांना झोपवताना सांगतात. कप्पा कथेच्या मजकुरावर छापलेला नसतो, तो सांगण्या-ऐकण्याच्या प्रसंगात असतो.

एकाच कथेची अनेक रूपं असतात. त्यांतलं खरं कोणतं?

पुरूरवा आणि उर्वशी पाहा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात त्यांचा संवाद आहे. तो विनवतो आहे, ती परत यायला नकार देते आणि म्हणते की स्त्रियांची सख्यं नसतातच, त्यांची हृदयं तरसांसारखी असतात. शतपथ ब्राह्मणात भोवतीची सारी कथा येते, आणि तिथे पुरूरवा गंधर्वांनी दिलेल्या अग्नीच्या साधनेने स्वतः गंधर्व होतो. कालिदासाच्या नाटकात इंद्राच्या कृपेने उर्वशी आयुष्यभर त्याच्याजवळ राहते. शोक, यज्ञ आणि प्रेमनाट्य, तिन्ही एकाच कथेची.

फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्ट्रॉसने १९५५ मध्ये म्हटलं की मिथक म्हणजे त्याची सगळी रूपं मिळून. मूळ रूप शोधत बसू नये. लिखित ग्रंथाची गोष्ट वेगळी आहे. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा बाराशेहून जास्त हस्तलिखितं ताडून शक्य तितका जुना पाठ निश्चित करणं हे योग्य ध्येय होतं. पण म्हणून ज्या उपकथा वगळल्या गेल्या त्या ‘खोट्या’ ठरत नाहीत. त्या नंतरच्या ठरतात, एवढंच.

मिथकामागे खरी घटना असू शकते का?

कधीकधी असते. अमेरिकेच्या ओरेगनमध्ये क्रेटर लेक नावाचं खोल सरोवर आहे. सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी माझामा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक होऊन डोंगराचा माथा आत कोसळला, त्या खळग्यात ते तयार झालं. तिथले क्लामाथ लोक पाताळाचा अधिपती लाओ आणि आकाशाचा स्केल यांच्या युद्धाची कथा सांगतात. त्यात आग बरसते आणि लाओचा डोंगर त्याच्यावरच ढासळतो. अशा कथांच्या भूवैज्ञानिक अभ्यासाला डोरोथी व्हिटालियानो यांनी १९६८ मध्ये स्वतंत्र नावही दिलं.

तरीही उलटा प्रवास धोक्याचा. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास युहेमेरस हा ग्रीक लेखक म्हणाला की देव म्हणजे पूर्वीचे थोर राजेच. ही चावी इतकी सोयीची आहे की ती कोणत्याही कुलपाला बसते. हाइनरिख श्लीमनने १८७० च्या दशकात हिसार्लिकची टेकडी खणली आणि होमरच्या काव्यातलं ट्रॉय म्हणून आज ओळखली जाणारी जागा उजेडात आली. त्यातून नगर सिद्ध झालं, त्या काव्यातला वीर अकिलीस सिद्ध झाला नाही. जागा खरी असणं आणि कथा घडलेली असणं, यांत बरंच अंतर आहे.

दूरदूरच्या समाजांत सारख्याच कथा का सापडतात?

कारण एकच नसतं. १८७२ मध्ये जॉर्ज स्मिथने ब्रिटिश म्युझियममधल्या मातीच्या पाट्यांवर प्रलयाची कथा वाचली: नौका, पाऊस, आणि किनारा शोधायला सोडलेले पक्षी. बायबलातल्या नोहाच्या कथेशी तिचं नातं उघड आहे, आणि ते प्रदेश एकमेकांच्या शेजारी होते. शतपथ ब्राह्मणातल्या मनू आणि मत्स्याच्या कथेत प्रलय आहे, पण मनूची नौका माशाच्या शिंगाला बांधलेली आहे आणि पक्षी नाहीत. साम्य म्हणजे उसनवारी असं लगेच म्हणता येत नाही. पूर हा नदीकाठच्या सगळ्याच माणसांचा अनुभव.

कधी भाषेचं नातं असतं. वेदांतला ‘द्यौष्पितर्’, ग्रीकांचा ‘झेउस पातेर’ आणि रोमनांचा ‘जुपिटर’ ही एकाच जुन्या नावाची रूपं, हे निर्विवाद आहे. मात्र त्यावरून मॅक्स म्युलर या भाषा-अभ्यासकाने जवळपास प्रत्येक कथेत सूर्य शोधायला घेतला, ते टिकलं नाही.

माझ्या धर्मातल्या कथेला कुणी मिथक म्हटलं तर तो अपमान आहे का?

अभ्यासाच्या अर्थाने म्हटलं असेल तर नाही, कारण त्या अर्थात ‘समाजाने पवित्र आणि खरी मानलेली’ हे व्याख्येतच आहे. पण हा शब्द समतोलपणे वापरला गेलेला नाही, हेही मान्य करायला हवं. जिंकणाऱ्यांचा ‘धर्म’ आणि जिंकलेल्यांची ‘मिथकं’, नागरांचं ‘शास्त्र’ आणि आदिवासींच्या ‘दंतकथा’, असं पुष्कळदा झालं आहे. ज्यांच्या कथेला आपण हा शब्द लावतो त्यांना त्यात हीनपणा ऐकू आला, तर दोष त्यांच्या कानांचा नाही.

मी एक कसोटी वापरतो. जो शब्द मी शेजाऱ्याच्या कथेला लावतो, तोच माझ्या आजीने सांगितलेल्या पवित्र कथेला लावायची माझी तयारी आहे का? असेल तर खुशाल वापरावा. नसेल तर दोन्हीकडे ‘पवित्र कथा’ किंवा नुसतं ‘कथा’ म्हणावं.

आणि ‘भाकडकथा’?

दूध न देणारं जनावर भाकड. ज्या कथेतून काहीच मिळत नाही ती भाकडकथा. ‘कपोलकल्पित’प्रमाणे हा निंदेचा शब्द आहे, प्रकाराचं नाव नव्हे. वर्गीकरण करताना त्याला जागा नाही.

लिहिताना कोणता शब्द निवडू?

संबंधित लोकांचा स्वतःचा शब्द असेल तर तोच आधी वापरावा. सृष्टीच्या आरंभाची पवित्र कथा असेल तर सर्वसाधारण वाचकासाठी ‘पुराणकथा’ किंवा ‘दैवतकथा’, अभ्यासलेखात ‘मिथक’. किल्ला, संत, विहीर, राजा यांच्याशी जोडलेली असेल तर ‘आख्यायिका’. हमी नसलेली तोंडी गोष्ट असेल तर ‘दंतकथा’. मोबाइलवर फिरणारी, ‘माझ्या मित्राच्या मित्राने पाहिलं’ असं सांगत येणारी थरारक हकीगतही दंतकथाच. चुकीच्या समजाला ‘गैरसमज’.

‘मिथक’ कोणत्या लिंगात चालवायचं?

नपुंसकलिंगी: ते मिथक, ती मिथके, मिथकाचा, मिथकांमधून. विशेषण ‘मिथकीय’. ‘पौराणिक’ हे विशेषण पुराणग्रंथांशी संबंध असेल तेव्हाच वापरावं, माओरींच्या तानेला ते शोभत नाही.